जोडीतली बाई

"आधी नवऱ्याचं नाव सांग, मग डोळा बघू."

कंपाउंडर खिडकीच्या आत होता, मी बाहेर. माझ्या डाव्या डोळ्यात चुना गेला होता. पदराचा बोळा दाबून मी उभी होते आणि बोळ्याखाली डोळा नुसता पेटला होता. आणि ह्याला नाव हवं होतं. माझं नाही, नवऱ्याचं.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. जीव गेला तरी घेत नसे. 'ह्यांचं', 'त्यांचं' असं काहीतरी मी पुटपुटले. मागं कायम नोकरीवरच्या कामगारांची रांग होती. त्यातला एकजण म्हणाला, "लाजतीया ती, भाऊ. उखाण्यात घे म्हनावं."

कंपाउंडर हसला. चष्मा कपाळावर चढवून खिडकीवर रेलला.

"हां. घे उखाणा. चांगला लांबलचक घे."

मी घेतला. हे सांगताना आजही अंगाची लाही होते, पण मी घेतला. लग्नात आत्यानं पढवलेला होता तो, महादेवाच्या पिंडीचा आणि बेलाच्या पानाचा. एक डोळा जळतोय, दुसऱ्यातून पाणी चाललंय, नाकातून शेंबूड, आणि मी बेलाचं पान वाहते आहे. शेवटी नाव आलं तशी रांग 'वा वा' म्हणाली. कुणीतरी टाळी वाजवली.

"धोंडिबा," कंपाउंडर म्हणाला. "आहे. ठेक्याचा माणूस, बिल्ला आहे त्याच्या नावावर. पण चुना काय धोंडिबाच्या डोळ्यात गेलाय?"

मी मान हलवली.

"मग त्याला बिल्ला घेऊन पाठव. त्याला लागलं असेल तर बघतो. बायकांची नोंद नाही. पुढचा!"

माझ्या मागचा माणूस पुढं सरकला आणि मी बाजूला झाले. एवढंच. कुणी हात लावला नाही की शिवी दिली नाही. हसले, आणि पुढचा घेतला.

धोंडिबा. आता मी हे नाव खुशाल घेते, रस्त्यात हाकसुद्धा मारते. तेव्हा घेत नव्हते.

आम्ही माणदेशातले. तिकडं विहिरी आटल्या, इकडं भिंती उठत होत्या, म्हणून आलो. पिंपरीच्या पुढं, रेल्वेलायनीच्या पलीकडं, माळावर एक कारखाना उभा राहत होता. अर्धा चालू, अर्धा बांधायचा. आत काय बनवतात ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ठेकेदार माणसं घ्यायचा ती जोडीनं. जोडी म्हणजे नवरा-बायको. त्यानं खणायचं, तिनं वाहायचं. कामं दोघांची, नाव एक, बिल्ला एक. तो पत्र्याचा बिल्ला नवऱ्याच्या गळ्यात. सकाळी मुकादम ओरडायचा, "धोंडिबा जोडी!" धोंडिबा म्हणायचा, "हाय." मी त्याच्या मागं घमेलं घेऊन उभी. मला कधी 'हाय' म्हणावं लागलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातच ते कधी आलं नव्हतं.

चुना भिजवायचं काम बायांचं. का, तर चुन्यानं हात फुटतात असं पुरुष म्हणायचे. बायांचे हात जणू लोखंडाचे. हौदात चुनकळीचे खडे टाकायचे, वरून पाणी सोडायचं. पाणी पडलं की चुना खदखदतो, वाफ सोडतो, अंगावर उडतो. त्या सकाळी मुकादमाला घाई झाली होती. "वता, वता पानी! गवंडी खोळंबल्यात वर!" असा त्याचा ओरडा चाललेला. मी वाकून पाणी ओतलं आणि एक मोठा खडा फट्कन फुटला. पुढं काय झालं ते दिसलंच नाही. मी जमिनीवर लोळत होते आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता.

एकजणीचं पोर अंगावर पीत होतं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पापणी फाकवली आणि छातीचं दूध डोळ्यात पिळलं. आमच्याकडं डोळ्याला तेच औषध. पळभर गार वाटलं. मग दुप्पट आग.

"पळ," ती म्हणाली. "दवाखाना हाय की हितं, आपुनच बांदलाय."

म्हणून मी पळत गेले होते. त्या दवाखान्याला पाया भरल्यापासून चुना आम्हीच वाहिला होता. आणि दारात मला हा नवा धडा मिळाला, की दवाखान्यातलं औषध रोग बघून देत नाहीत, गळा बघून देतात.

हे मी बाजूला झाल्यावर व्हरांड्याखाली बसून बघितलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. साहेबांच्या बायका तिथं येतच नसत. त्यांना पडसं झालं तरी डॉक्टर बंगल्यावर जायचा, मागून शिपाई त्याची पेटी घेऊन. कायम कामगारांच्या गळ्यात पितळेचा बिल्ला. त्यांना बसायला बाक, त्यांच्या बायकापोरांना बुधवारी औषध. हे बहुतेक आसपासच्या गावातले. त्यांची रानं कारखान्यात गेली होती, त्याबदल्यात पितळ मिळालं होतं. त्यांचंही काही थोडं गेलं नव्हतं, पण उखाण्याला वा वा म्हणणारे तेच. ठेक्याच्या पुरुषाला पत्रा. त्याला कामावर लागलं-खुपलं तर मलमपट्टी. ताप, खोकला, हगवण ज्याची त्यानं बघायची. ठेक्याच्या बाईला पत्राही नाही. जात कुणी विचारली नाही तिथं. आम्ही पायरीच्या खालीच उभे राहायचो, तेव्हा विचारायची गरजही नव्हती.

बाकावरचे दोघं बोलत होते. मुंबईला म्हणे गिरण्यांत आता कामगारांचा विमा काढतात. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, रक्त काढतात तसं हे गिरणीवाले माणसाच्या अंगातून आणखी काय काढतात बाई? विमा म्हणजे काय ते कळायला मला पुढं खूप वर्षं गेली. आणि कळलं तेव्हा हेही कळलं, की तोही आधी गळा बघतो.

तेवढ्यात मुकादम धोंडिबाला घेऊन आला. मुकादम चाकणकडचा, बोलायला गोड. त्याला माझा डोळा नको होता, काम खोळंबायला नको होतं.

"बिल्ला धोंडिबाचा हाय ना? मंग धोंडिबाच जाईल की आत," तो म्हणाला. "डोळ्याला फडकं बांद रं. चुना गेला म्हनून सांग. औशद घेऊन ये आन् घाल हिच्या डोळ्यात. हाय काय आन् न्हाई काय!"

मला ते पटलं. एवढी मी भोळी होते. धोंडिबानं मुंडाशाची पट्टी फाडून आपल्या धडक्या डोळ्याला बांधली आणि रांगेत उभा राहिला. मी बाभळीखाली थांबले. डोळा ठणकत होता, मी एकेक माणूस पुढं सरकताना बघत होते. त्याचा नंबर आला. तो आत गेला.

आणि बाहेर आला तो मान मागं टाकून, तोंड आभाळाकडं करून, आंधळ्यासारखा चाचपडत. मला वाटलं ह्यालाही काही झालं.

"बाटली दीत न्हाई त्यो," तो तोंड वर ठेवूनच म्हणाला. "हितंच घालतो म्हनला. घातलं माज्या डोळ्यात. लवकर वर बघ, लवकर."

ओंजळीत पाणी आणावं तसं त्यानं ते औषध डोळ्यात धरून आणलं होतं. पापणी न मिटता. मी मान वर केली. तो माझ्यावर वाकला आणि त्याच्या डोळ्यातून माझ्या डोळ्यात दोन थेंब पडले. त्यात औषध किती आणि त्याचं रडणं किती, देवाला ठाऊक. बाकीचं त्याच्या गालावरून मिशीत गेलं होतं. ते त्यानं बोटानं निपटून माझ्या पापणीला लावलं.

व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं, "आता गं बया! राजाराणी बघा राव!"

धोंडिबा त्यांच्याकडं बघून हसला. मला आजही त्याच्या त्या हसण्याचा राग येतो. आणि त्याचं वाईटही वाटतं. त्याला दुसरं काय करता येत होतं?

असं आम्ही रोज करत राहिलो. रोज तो धडका डोळा बांधून जायचा, रोज मान मागं टाकून यायचा. एकदा येताना ठेचकाळला आणि सगळं औषध मातीत गेलं. माझ्या डोळ्यावर हळूहळू साय धरल्यासारखं पांढरं येऊ लागलं. ताप भरला. मी पालात पडून राहिले.

मी पडले म्हणजे जोडी अर्धी झाली. आणि अर्धी जोडी ठेकेदार ठेवत नसे. धोंडिबा संध्याकाळी आला तो पालाच्या तोंडाशीच बसला. आत येईना.

"काय झालं?"

"मुकादमानं बाई दिली," तो खाली बघत म्हणाला. "घमेलं उचलाया. गोदा."

गोदा विधवा होती. बार्शीकडची. एकट्या बाईला कामावर घेत नसत, कारण जोडी होत नाही. ती बरेच दिवस फाटकाबाहेर बसून असायची, कुणाची बायको आजारी पडेल किंवा बाळंत होईल याची वाट बघत. आता तिची पाळी आली होती. मुकादम उद्या सकाळी ओरडेल, "धोंडिबा जोडी!" धोंडिबा म्हणेल, "हाय." मागं गोदा उभी असेल. आणि हाजरीत काडीचाही फरक पडणार नाही.

मला हे रात्रभर पचेना. मला काय वाटलं होतं, की धोंडिबा जोडी म्हणजे निम्मी मी. निम्मीसुद्धा नव्हते. मुकादम तर म्हणालाच होता धोंडिबाला, "बाई कोनची का आसंना, जोडी पुरी पायजे."

सकाळी ताप अंगात तसाच होता. मी उठून कामावर गेले आणि गोदाला गाठलं. माझं घमेलं तिच्या डोक्यावर. मी बोलू नये ते बोलले. माझा नवरा, माझी जागा, असं काय काय. तिनं ऐकून घेतलं. घमेलं खाली ठेवलं नाही.

"बाई, तुजी जागा घेतली म्हनू नगंस," ती म्हणाली. "जागा तुजी हुती कवा? माजा मालक जित्ता हुता तवा मीबी आशीच म्हनायची, माजी जागा. त्यो मेला आन् दुसऱ्या दिशी मला फाटकातनं भाईर काडलं. कामाला मी हुते, नाव त्याचं हुतं. नाव मेलं."

एवढं बोलून ती निघून गेली. तिला वेळ नव्हता, वर गवंडी ओरडत होता.

मी तिथंच उभी राहिले. तापानं डोकं गरगरत होतं, पण आत काहीतरी लखलखीत झालं. मला त्या उखाण्याची आता लाज वाटेना, चीड आली. कंपाउंडरची आली, मुकादमाची आली, आणि सगळ्यात जास्त माझ्या झुकलेल्या मानेची आली. एक डोळा असाही जाणार होता. मग भ्यायचं कशाला?

धोंडिबा खड्ड्यात खणत होता. मी काठावर जाऊन हात पुढं केला.

"बिल्ला द्या."

"आँ?"

"बिल्ला द्या हिकडं."

"याड लागलं काय तुला? मुकादम बगील."

"बगू दे."

त्यानं कुदळ बाजूला ठेवली. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, त्यानं गळ्यातली सुतळी काढली आणि माझ्या हातात दिली. तो पत्रा त्याच्या घामानं गरम होता. मी तो माझ्या गळ्यात घातला, पदराच्या वर, दिसेल असा. आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढून रांगेत उभी राहिले. पायरीखाली नाही, वर. बाकावरचा एक म्हातारा थोडा सरकला. बाकीचे बघत राहिले. आज कुणी हसलं नाही.

माझा नंबर आला.

कंपाउंडरनं बिल्ला बघितला, मग मला बघितलं. "हे काय? हा पुरुषाचा बिल्ला आहे."

"जोडीचा हाय."

"धोंडिबाचा आहे."

"जोडीचा हाय. जोडी म्हंजी एक, आसं तुमचंच म्हननं हाय ना? मंग त्यो एक म्हंजी मी. त्येच्या डोळ्याला काय झाल्यालं न्हाई. इतकं दिस तुमी धडक्या डोळ्यात औशद घातलं. आता फुटक्यात घाला."

तो एकदम उभा राहिला. "म्हणजे? त्याच्या डोळ्याला काही नव्हतंच? फसवलंत तुम्ही?"

"व्हय. फशिवलं. कुनाला फशिवलं ते इचारा."

"उतर खाली! आधी पायरी उतर!"

"न्हाई उतरत."

मी खिडकीचा गज धरला. तो ओरडत होता, शिपायाला हाका मारत होता. त्या गोंधळानं डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आला. तरुण होता. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा जवळून बघत होते. कंपाउंडर त्याला सांगू लागला, ठेक्याची बाई आहे, दुसऱ्याचा बिल्ला घालून आली आहे. मी मधेच पदराचा बोळा काढला आणि मान वर केली.

डॉक्टर पुढं झाला. मग अंगठ्यानं पापणी वर केली. त्याचा हात थंड होता. माझ्या डोळ्यासमोर त्यानं बोटं नाचवली. मला नुसता उजेड हलल्यासारखा वाटला.

"किती उशीर केलात," तो म्हणाला. "आधी का नाही आणला डोळा?"

"आनला हुता," मी म्हटलं. "हितंच उबा हुता. ह्या सायबांनी उखाना घ्याया लावला."

डॉक्टरचे कान लाल झाले. त्यानं डोळा धुतला, औषध घातलं, पट्टी बांधली. पट्टी बांधताना हळू आवाजात म्हणाला, "पुण्याला मोठ्या दवाखान्यात जा. पण आशा धरू नका." मग कंपाउंडरकडं वळून त्यानं काहीतरी विचारलं. कंपाउंडर म्हणाला, "सर, नियम कंपनीचा आहे." डॉक्टरनं मान खाली घातली आणि आत निघून गेला. माणूस वाईट नव्हता. पण तोही खिडकीच्या आतलाच होता.

खाली मुकादम उभा होता. त्यानं माझ्या गळ्यातली सुतळी ओढली तशी ती तुटली.

"तुजी मस्ती लई वाढली," तो म्हणाला. आता गोड नव्हता तो. "धोंडिबा जोडी बंद! सामान उचला आन् चालाया लागा."

धोंडिबा जोडी बंद झाली म्हणजे धोंडिबा गेला, मी गेले आणि जोडीतली दुसरी बाई म्हणून गोदाही गेली. तिनं घमेलं खाली ठेवलं, डोक्यावरची चुंबळ झटकली आणि आमच्या मागं चालू लागली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुण्याच्या वाटेला धोंडिबानं तोंड उघडलं.

"एका डोळ्यापायी समद्यांचं काम घालिवलंस."

"माजा हुता त्यो डोळा."

"मी काय कमी केलं का? रोज डोळ्यातनं औशद आनलं तुला."

"आनलं. पर माज्यासाटी खिडकीत एक शबुद बोलला न्हाई."

तो पुढं झपाझपा चालू लागला. खूप पुढं गेला. मग एका दगडावर बसून राहिला, आम्ही येईपर्यंत.

पुण्याच्या दवाखान्यात गेलो, तिथंही त्यांनी तेच सांगितलं. डोळा गेला. मग तळेगावच्या बाजूला एका नव्या बांधकामावर माणसं घेतात असं कळलं म्हणून आम्ही तिघं तिकडं गेलो. फाटकाशी तिथला मुकादम बसला होता. धोंडिबाला बघून म्हणाला, "जोडी का?"

धोंडिबा सवयीनं म्हणाला, "व्हय."

"न्हाई," मी म्हटलं. "दोन मान्सं. माजं नाव येगळं लिव्हा, बिल्ला येगळा द्या. मंगच घमेलं उचलीन."

मुकादम माझ्याकडं, मग धोंडिबाकडं बघत राहिला. "बाईचं नाव? नवरा जित्ता आसताना?" तो हसला. आणि धोंडिबाला म्हणाला, "तू चल आत. हिला ऱ्हाऊ दे. बाई मिळंल तुला."

धोंडिबा उभा राहिला. त्याच्या मनाची ओढाताण मला दिसत होती. पोटात दोघांच्याही काही नव्हतं. "आजच्या दिस घे गं आईकून," तो म्हणाला. "नावाचं मागनं बगू."

"तुमी जावा. मी न्हाई येत."

तो गेला. वळून बघत बघत गेला. मी त्याला दोष देत नाही, पण त्याच्या मागंही गेले नाही. मी फाटकाशी बसले. तेवढ्यात मुकादमाला गोदा दिसली. त्यानं तिला बोट केलं, "ए, तू चल त्याच्या जोडीला."

गोदाला इतके दिवस हेच हवं होतं. ती दोन पावलं पुढं गेली. थांबली. तिनं माझ्या पट्टीकडं बघितलं. आणि माघारी येऊन माझ्याशेजारी मातीत बसली.

"मला गोदावरी म्हनत्यात," ती त्याला म्हणाली. "तसं लिव्हा."

मुकादम उठून उभा राहिला. "आरं, काय ही कटकट! दोन बायांची काय जोडी हुती व्हय?"

"जोडी नगंच," मी म्हटलं. "दोन नावं लिव्हा. तिला लागलं तर तिला औशद, मला लागलं तर मला. न्हाईतर भिताडं तुमची तुमी बांदा."

त्यानं फाटक लोटलं आणि आतून कडी घातली. आतून फावड्यांचे आवाज येऊ लागले. बाकीच्या बाया घमेली घेऊन जाताना फाटकाच्या फटीतून आमच्याकडं बघायच्या, मुकादम खेकसला की पुढं व्हायच्या, परत येताना पुन्हा बघायच्या. ऊन चढलं. शिपाई एकदा येऊन आम्हाला उठा म्हणाला. आम्ही उठलो नाही. उद्याही इथंच बसायचं, आमचं ठरलं. हे फाटक नाही उघडलं तर पुढच्या फाटकाशी. एक डोळा गेला होता. दुसरा शाबूत होता, आणि तो मी त्या फाटकावरून हलवला नाही.